थोरलीच्या कोटावरची चिठ्ठी

त्यांचं तोंड दिवसभर टाचण्यांनी भरलेलं असायचं, म्हणून नाटकवाले सगळे त्यांना टाचणी म्हणत. मी वयानं लहान, म्हणून मी टाचणीताई म्हणायचे. त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी अकरा वर्षं इस्त्री केली. पुढे सांगते त्यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि निम्मं त्यांनीच मला सांगितलंय, कपड्यांच्या घड्या घालता घालता.

आमची खोली रंगमंचाच्या बरोबर खाली. छत इतकं बुटकं की उंच नट आत आला की आधी कपाळ चोळायचा आणि मग बोलायचा. तीन मशिनी, एक लांब टेबल, भिंतीलगत नळ्यांवर टांगलेले कपडे, आणि फुटपाथच्या पातळीला एक खिडकी. तिच्यातून माणसं दिसायची नाहीत, नुसते बूट दिसायचे.

ताई तीस वर्षं तिथं शिवत होत्या. प्रेक्षकांना काय दिसतं याची त्यांना फारशी पर्वा नव्हती. त्यांचं लक्ष असायचं ते आतल्या बाजूला. बाही उचलली तर मुंढ्यात टरकते का, बसल्यावर कंबरेत रुततं का, अंधारात चाळीस आकडे मोजेपर्यंत कपडा बदलता येतो का. प्रत्येक कपडा त्या आधी स्वतःच्या अंगावर चढवायच्या. राजाचा असो, चोराचा असो. मग खुर्चीत बसायच्या, वाकायच्या, दोन्ही हात वर करायच्या आणि दाराबाहेरचा जिना चढून उतरायच्या. एवढं झालं की म्हणायच्या, "ने." त्यांचा 'ने' मिळालेला कपडा नट डोळे मिटून घालायचे.

त्यांना एक बहीण होती, चार वर्षांनी लहान. वडील शिंपी. वडिलांची नजर अधू झाली तेव्हा थोरली नववीत होती. तिनं शाळा सोडली आणि मशीनवर बसली. धाकटी शिकत राहिली, पुढे परगावी जाऊन कपड्यांची चित्रं काढायचं मोठं शिक्षण घेऊन आली. थोरली मशीनवर बसली म्हणून धाकटी शिकली, हे घरात कुणी कधी बोलून दाखवलं नाही. थोरली मात्र मनातल्या मनात ते रोज बोलत होती. धाकटीचा फोटो पेपरात आला की ताई तो पाहायच्या, पेपर नीट घडी करायच्या आणि त्या दिवशी मशीन जरा जास्तच जोरात चालवायच्या. मला कळायचं. मी बोलायची नाही.

मग नवीन दिग्दर्शक आला. त्याला एका राणीचं मोठं नाटक करायचं होतं, आणि कपड्यांच्या आखणीसाठी त्यानं बाहेरून माणूस बोलावलं. ते माणूस म्हणजे धाकटी.

पहिल्या दिवशी ती खाली आली ती हसत हसत. "ताई," म्हणाली आणि थोरलीच्या गळ्यात पडली. ताईंच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे त्यांना न हसायला निमित्त मिळालं. धाकटीच्या अंगाला कसलासा छान वास होता, केस कापलेले, काखेत चित्रांचं भलंमोठं पाकीट. पाच मिनिटांत आमच्या खोलीत सगळं थिएटर गोळा झालं. जी माणसं एरवी बटण तुटल्याशिवाय आमच्याकडे फिरकत नाहीत, ती तिथं घाम पुसत उभी.

दिग्दर्शक आणि धाकटी जुने कपडे बघायला लागले. कुठले वापरायचे, कुठले नाही. धाकटी प्रत्येकाला एक चिठ्ठी टोचत होती. बहुतेकांवर तिनं नुसती फुली मारली. एका राखी कोटापाशी दिग्दर्शक थांबला. तो कोट ताईंनी सहा वर्षांपूर्वी शिवला होता. त्यानं कोटाच्या खांद्यावरून हात फिरवला, आतलं अस्तर उलटून पाहिलं आणि म्हणाला, "प्रधानाला हाच. ह्याला हात लावायचा नाही."

धाकटीनं त्या कोटावर चिठ्ठी लावली. तिच्यावर इंग्रजीत एकच शब्द लिहिला आणि पुढे गेली.

सगळे गेल्यावर ताई कोटापाशी गेल्या. त्यांना इंग्रजी अक्षरं लावता येत होती. बोट ठेवून ठेवून त्यांनी शब्द वाचला. "वेअरेबल. म्हणजे काय गं?"

"मला काय विचारता ताई," मी म्हटलं, "मला इस्त्रीवरचे तीन शब्द येतात. कॉटन, सिल्क आणि ऑफ."

त्यांनी शब्द खडूनं हातावर उतरवून घेतला.

दुपारी दिवेवाला चहा प्यायला खाली आला. त्याच्या मनगटावर नवंकोरं घड्याळ होतं, आणि त्याचा डबा तो अजून खिशात घेऊन फिरत होता, इतकं त्याला त्याचं कौतुक. ताईंनी त्याला हात दाखवला.

"हे होय," तो म्हणाला आणि डबा काढला. डब्यावर तोच शब्द छापलेला. "वेअरेबल म्हणजे हे घड्याळ, ताई. पावलं मोजतं, छातीचे ठोके मोजतं. झोपलात किती तेही सांगतं."

"मी कोटाचं विचारतेय."

"कोट पावलं मोजतो?"

"नाही."

"मग मला नाही सांगता यायचं," दिवेवाला म्हणाला आणि आपले ठोके बघत निघून गेला.

मला हसू आलं, पण ताई हसल्या नाहीत. त्यांच्या डोक्यात तो शब्द कुसळासारखा रुतला होता. संध्याकाळी घरी जाताना त्या आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मास्तरांकडे गेल्या. मास्तरांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं होतं, आणि निवृत्त झाल्यापासून कुणी काही विचारेना म्हणून ते हवालदिल होते. त्यांनी मोठ्या आनंदानं शब्दकोश उघडला.

"वेअर म्हणजे अंगावर घालणं. एबल म्हणजे जोगं. घालण्याजोगं. सोपं आहे."

"म्हणजे चांगलं?"

"तिथं मेख आहे," मास्तर म्हणाले. "जुन्या कपड्याला म्हणतात, अजून वेअरेबल आहे. म्हणजे टाकायला नको, चालेल. फॅशनच्या मासिकात लिहितात, फार वेअरेबल आहे. ती स्तुती. म्हणजे नुसता मिरवायचा नाही, रोज अंगावर वागवता येईल असा. हल्ली त्या घड्याळांनाही म्हणतात, अंगावर घालायची यंत्रं म्हणून. आणि आगेमागे काहीच न लावता नुसतं वेअरेबल म्हटलं, तर जेवायला बसून आपण म्हणतो ना, खाण्यालायक झालंय, तसं."

"मग ही स्तुती की टोमणा?"

"ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून कळतं, बाई."

"चिठ्ठी आहे ती. तिला कुठलं तोंड."

"मग लिहिणाऱ्यालाच विचारायला हवं," मास्तर म्हणाले.

ताईंनी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मत्सराला विचारायचं नसतंच, त्याला स्वतःच्याच मनानं उत्तर ठरवायचं असतं. ताईंनी ठरवलं, खाण्यालायक. तीस वर्षांच्या शिवणाला बहिणीनं दिलेला निकाल, घालण्यालायक. "पोतंसुद्धा घालता येतं," त्या दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या. "दोन भोकं पाडली की झालं."

त्यानंतर धाकटीचं काहीही त्यांना सहन होईना. ती चहात साखर घेत नव्हती, तर "शिकलेल्यांचा चहा" म्हणून नाक मुरडायच्या. ती पेन्सिल कानावर खोचायची, तेही त्यांना खुपायचं, कारण वडील खडू तसाच खोचायचे.

अशात राणीच्या झग्याचं काम आलं. धाकटीनं चित्र टेबलावर पसरलं. खरं सांगते, चित्र पाहून मी इस्त्री खाली ठेवायची विसरले आणि एक टॉवेल जाळला. खांद्यांवर पंखांसारखे उभार, मानेमागे तारेच्या सांगाड्यावर उभारलेली उंच कॉलर, सगळ्या अंगभर पितळी चकत्या आणि मागे चार हात लांब लोळणारा घोळ. राणी तो घालून अकरा पायऱ्या उतरणार होती.

"ताई, काही अडचण वाटते का?" धाकटीनं विचारलं.

ताई चित्राकडे पाहत होत्या. त्यांना अडचण तिथंच दिसली होती. सगळं वजन मानेवर येत होतं, कंबरेला कुठं आधारच नव्हता. त्या कॉलरीतून बाजूचं काही दिसणार नव्हतं. एक शब्द बोलल्या असत्या तर चित्र दुरुस्त झालं असतं. त्या म्हणाल्या, "कागदावर आहे तसं शिवते."

आणि शिवला. तीन आठवडे एकेक चकती हातानं टाकली. टाका असा की मोजून घ्यावा. काम वाईट करणं त्यांच्या हातात बसतच नव्हतं. त्यांनी फक्त एक गोष्ट केली नाही. झगा तयार झाला तेव्हा त्यांनी तो पुतळ्याला घातला आणि म्हणाल्या, "ने."

"ताई, अंगावर घालून नाही पाहिला?" मी विचारलं.

"मापं राणीचं काम करणाऱ्या बाईची आहेत. माझी नाहीत."

मलाही माहीत होतं की हे कारण नव्हे. याआधी त्यांनी त्यांच्या दुप्पट पोटाच्या नटाचे कपडे घालून जिना चढलेला मी पाहिला होता. मी पण मूग गिळून बसले. माझाही त्यात वाटा आहे, तो लपवत नाही.

रंगीत तालमीच्या दिवशी दोघींची आई थिएटर बघायला आली. धाकटीनं तिला हाताला धरून खाली आणलं, पुतळ्यासमोर खुर्चीत बसवलं. म्हातारीनं चकत्यांवरून बोटं फिरवली. "हिच्या हातात जादूच आहे," ती म्हणाली. हात धाकटीच्या डोक्यावर होता. ताई शेजारीच उभ्या होत्या. बोटांना सुयांची भोकं, डोळे तांबारलेले. धाकटी म्हणाली, "आई, शिवलंय ताईनं." आई म्हणाली, "हो, तिला सवयच आहे." त्या वाक्यानं ताईंचा चेहरा असा झाला की मी तोंड फिरवून वाफ सोडत बसले.

तालीम सुरू झाली. राणीचं काम करणारी बाई साठीची, अनुभवी. तिला आम्ही राणीबाईच म्हणायचो. वर दिव्याचा झोत पडला, आणि झगा असा झळाळला की समोर बसलेली माणसं श्वास धरून राहिली. राणीबाई उतरायला लागली. चार पायऱ्या झाल्या. पाचवीवर झग्याचा भार पुढे ओढायला लागला असावा, तिनं मान ताठ धरली. खाली बघायची सोयच नव्हती. सातवीवर घोळ टाचेखाली आला आणि ती उरलेल्या पायऱ्यांवरून घसरत खाली आली.

ताई विंगेत उभ्या होत्या. "पहिल्या क्षणाला मला बरं वाटलं," त्यांनी मला नंतर सांगितलं. "अगदी थंडगार बरं वाटलं. म्हटलं, आता हसा." हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

तो क्षण टिकला नाही. राणीबाईचा घोटा सुजला होता आणि हनुवटीखालून रक्त येत होतं. कॉलरीच्या तारेचं टोक उघडं राहिलं होतं, ते लागलं. तारेच्या टोकाला कापडाची टोपी शिवायची, हे ताईंचं इतकं अंगवळणी पडलेलं की झोपेतही त्या चुकल्या नसत्या. हे टोक त्यांनी मुद्दाम उघडं ठेवलं नव्हतं, पहिल्यांदाच नजरेतून सुटलं होतं. पण अंगावर घालून पाहिला असता तर ते त्यांनाच आधी बोचलं असतं.

दिग्दर्शक धाकटीकडे वळला. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "माणसानं घालायचं होतं हे. तुला माहीत होतं ना?"

राणीबाईनं हनुवटीवर रुमाल दाबला होता. ती विंगेकडे बघून म्हणाली, "टाचणी, तू घालून पाहिला होतास ना? तू 'ने' म्हणालीस म्हणून मी पायाखाली बघितलंच नाही."

आता ताईंना हो म्हणता आलं असतं. धाकटीवरच सगळं शेकलं असतं, आणि कुणाला काही कळलंही नसतं. त्या पुढे आल्या. "नाही पाहिला," त्या म्हणाल्या. "हे असं होईल हे मला माहीत होतं. मी बोलले नाही."

"का?"

"बोलायचं नव्हतं म्हणून."

तेवढंच बोलून त्या गुडघ्यावर बसल्या आणि राणीबाईच्या अंगावरचे हुक सोडवायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा झगा टेबलावर पालथा पडला होता. एका टोकाला ताई, दुसऱ्या टोकाला धाकटी. पहिला प्रयोग तीन दिवसांवर होता. मी इस्त्री तापवली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. कान मात्र तिकडेच.

"कधीपासून माहीत होतं तुला?" धाकटीनं विचारलं.

"कापड बेतलं तेव्हापासून."

"मी विचारलं होतं तुला."

"तू एका कोटावर चिठ्ठी लावली होतीस," ताई म्हणाल्या. "वेअरेबल. मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, कधीकधी ती स्तुती असते."

मला वाटलं, आता धाकटी म्हणेल, अगं ताई, स्तुतीच होती ती. तसं म्हटलं असतं तर दोघींच्या मनातलं किल्मिष तिथंच धुऊन निघालं असतं. पण तिनं झग्यावरची एक सुटलेली चकती उचलून टेबलावर ठेवली.

"स्तुती नव्हती," ती म्हणाली. "मी चांगल्या मनानं नव्हतं लिहिलं ते. माझं पाकीट दिग्दर्शकानं अजून उघडलंही नव्हतं, आणि तुझ्या कोटाचं अस्तर उलटून उलटून बघत होता. मला राग आला. म्हटलं, छोटं काहीतरी लिहावं."

"मला इंग्रजी येत नाही हे माहीत असून."

"ते माहीत होतं म्हणूनच."

ताई खाली बसल्या. मला वाटलं आता भांडण पेटणार. पण त्या म्हणाल्या, "तुला माझा राग येतो?" त्यांच्या आवाजात नुसतं आश्चर्य होतं. जणू कुणी सांगावं की बाई, तुमच्या नावावर एक घर आहे.

"लहानपणापासून येतो," धाकटी म्हणाली. "बाबा मशीनपाशी तुला बसवायचे आणि मला म्हणायचे, तू जा, अभ्यास कर. त्यांनी मला कधी कात्री हातात दिली नाही. चार वर्षं शिकून आले, पण अजून मला धड मुंढा कापता येत नाही, ताई. चित्रात झाकून नेते मी ते."

"मला वाटायचं, तुला मोकळं सोडलं आणि मला जुंपलं."

"मला वाटायचं, मला हाकललं."

गळ्यात गळे वगैरे पडले नाहीत. ताईंनी उसवायची कात्री उचलली आणि म्हणाल्या, "कंबरेला पट्टा घालावा लागेल. रुंद, कॅनव्हासचा. वजन सगळं त्याच्यावर टांगायचं. कॉलर दोन बोटं कमी."

"दोन नको. एक."

"दोन. तिला पायरी दिसायला हवी."

"बरं, दोन. पण घोळ कापायचा नाही."

"कापत नाही. हुकांवर लावू. वर उभी असेपर्यंत मागे लोळू दे, उतरायच्या आधी दासी काढून घेईल आणि हातात धरून मागे चालेल."

धाकटीनं पेन्सिल काढली आणि ते तिथंच कागदावर उतरवलं. दासीच्या हातातला तो घोळ चित्रात आधीपेक्षा देखणा दिसत होता, हे ताईंनाही कबूल करावं लागलं. त्या "हं" म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत झगा उभा राहिला. ताई घालायला पुढे झाल्या, तर धाकटी म्हणाली, "मी घालते." ताईंनी तिला तो चढवला. बाहेरचा जिना चढून ती उतरायला लागली, आणि तिसऱ्या पायरीवर गचकली. ताईंनी खालून हात दिला. "पाऊल आडवं टाक. पोट आत घे. अगं, तोंड कशाला वर करतेस, राणी तू नाहीस." त्या दिवशी त्यांनी तिला चौदा वेळा जिना चढायला लावला. मला वाटतं, त्यात थोडं उट्टंही होतं.

पहिला प्रयोग ठरल्या दिवशी झाला. राणीबाई घोट्याला पट्टी बांधून, सपाट चपला घालून अकरा पायऱ्या उतरली. पेपरात झग्याचा मोठा फोटो आला, खाली धाकटीचं नाव. ताईंचं नाव नव्हतं. दिग्दर्शकानं त्यांना काढलं नाही, पण पुढच्या दोन नाटकांना बोलावलंही नाही. जाणूनबुजून गप्प बसलेल्या माणसावर भरवसा कसा ठेवायचा, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. ताई घरी बसून शेजारपाजारच्या पोरांचे शाळेचे गणवेश शिवायच्या. मी अधूनमधून जायची. बारीक झाल्या होत्या.

तिसऱ्या नाटकाच्या वेळी राणीबाईनं नव्या शिंप्याला मापच घेऊ दिलं नाही. "माझ्या हनुवटीवर खूण तिच्यामुळे आहे," ती दिग्दर्शकाला म्हणाली, "म्हणजे ती पुन्हा कधी चुकायची नाही. तिला बोलवा." ताई परत आल्या. आल्या त्या दिवशी त्यांनी टांगलेला प्रत्येक कपडा, एकूण एक, अंगावर घालून पाहिला. त्यात त्यांचा अख्खा दिवस गेला.

धाकटी तोवर दुसऱ्या शहरातल्या मोठ्या थिएटरात गेली होती. आता चित्र काढलं की आधी ताईंना फोन करते. फोनवर दोघी मुंढ्यावरून भांडतात, मग आईच्या औषधांवर येतात, मग पुन्हा मुंढ्यावर.

परवा फोन ठेवून ताई माझ्याकडे वळल्या. "तिच्या तिथं म्हणे खोलीला मोठ्या खिडक्या आहेत. मशीनमध्ये दोरासुद्धा आपोआप ओवला जातो."

"बरंय की," मी म्हटलं.

"काय बरंय," ताई म्हणाल्या आणि तोंडात टाचण्या धरल्या. मग त्यातून जेमतेम ऐकू येईल असं पुटपुटल्या, "खिडक्या किती आहेत ते विचारायचं राहिलं."